पाच वर्षं ‘त्रास नाही’

शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ असतील, त्याबद्दल माफी असावी. अक्षरही वाईट आहे. चौथीनंतर शाळा सुटली, आणि त्यानंतर हातात पेन आलं ते सहीपुरतं किंवा किराणाची यादी करायला. ही वही मी कुणाला दाखवणार नाही, मग माफी कुणाची मागते तेही कळत नाही. पण समोरचा काही म्हणायच्या आधीच आपण मान खाली घालायची, ही माझी जुनी खोड आहे. त्या खोडीपायीच हे सगळं झालं, म्हणून लिहून ठेवते.

लातूरला क्लासला शिकायला येणाऱ्या मुलींचं एक वसतिगृह आहे. तिथल्या मेसच्या स्वयंपाकघरात मी कामाला आहे. नवरा मोंढ्यात एका अडतीवर मुनीम आहे. सात वर्षांपूर्वी माझं वजन एकशे बारा किलो होतं. साखरेच्या गोळ्या चालू होत्या, गुडघे इतके दुखायचे की वरच्या मजल्यावर वरणाचं पातेलं नेताना मी मधे दोनदा पायरीवर बसायची. मुली बाजूनं निघून जायच्या. कुणी वाईट बोलायचं नाही, पण मला ऐकू यायचंच.

नांदेडच्या एका दवाखान्यानं आमच्याकडे शिबिर घेतलं. तिथले डॉक्टर म्हणाले, पोट लहान करायचं आणि आतडं वळवून जोडायचं, साखरही आटोक्यात येईल. खर्च ऐकून मी उठायलाच निघाले होते. तेव्हा ते म्हणाले, “मावशी, बसा. आमचा एक अभ्यास चालू आहे. त्यात नाव घातलंत तर खूप सवलत मिळेल. फक्त दहा वर्षं तुमच्या तब्येतीची नोंद आम्हाला ठेवू द्यायची. या ऑपरेशननंतर पुढे पुढे शरीरात काय होतं, हे आपल्या भागातल्या बायकांचं कुणी लिहूनच ठेवलेलं नाही.”

मला पैशापेक्षा ते शेवटचं वाक्य आवडलं. माझं कुणी काही लिहून ठेवणार, तेही दहा वर्षं, हे मला मोठं वाटलं. मी सही केली. फोन नंबराच्या रकान्यात नवऱ्याचा नंबर घातला, कारण घरात फोन तेवढा एकच होता. बँकेच्या रकान्यात त्याचंच खातं घातलं. माझं खातं माहेरी जळकोटला लग्नाआधी उघडलेलं, ते कधीच बंद पडलं होतं.

ऑपरेशनबद्दल मी वाईट बोलणार नाही. खोटं का बोलू? दीड वर्षात चाळीस किलो उतरले, साखरेच्या गोळ्या सुटल्या. मी पातेलं घेऊन एका दमात वर जाऊ लागले. पण नवऱ्यानं घरात आधीच बजावलं होतं, “कुनी इचारलं तर पित्ताचे खडे काढले म्हनायचं. न्हाईतर लोक म्हनतील, खाऊन खाऊन फुगली आन् आता पोट कापून घेतलं.” मी ‘हाव’ म्हणून मान हलवली. सासरी, माहेरी, मेसमध्ये, सगळीकडे पित्ताचे खडे.

आता त्या खड्यांमुळे काय काय झालं ते सांगते.

पहिल्या वर्षानंतर केस गळायला लागले. भांगात बोट घातलं की पुंजका हातात. एका मुलीच्या वरणात केस सापडला, दुसऱ्या दिवशी भाजीत. मेसच्या मालकीणबाईंनी सगळ्यांसमोर तो केस चिमटीत धरून विचारलं, “हा कुणाचा?” स्वयंपाकघरात लांब केस फक्त माझेच होते. मी डोक्याला फडकं घट्ट बांधू लागले, तरी तिसऱ्यांदा सापडला. मग त्यांनी मला चुलीवरून काढून भाजी निवडायला बसवलं आणि पगार कमी केला. माझ्या जागी औशाहून आलेली एक बाई आली. ती चांगली होती, मला विचारल्याशिवाय मसाला टाकायची नाही, पण मला ते जास्तच लागायचं.

दर रविवारी मेसमध्ये गोड असायचं. चव बघायचं काम मालकीणबाईंनी माझ्याकडेच ठेवलं होतं, कारण माझी जीभ चांगली. एकदा बासुंदी चाखली, दोनच चमचे. पंधरा-वीस मिनिटांत अंगाला घाम फुटला, छाती धडधडायला लागली, हातपाय थरथर कापायला लागले. मी गव्हाच्या पोत्याला टेकून खाली बसले. आतडं वळवलेल्या माणसाला एकदम गोड खाल्लं की असं होतं, हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. मीच विसरले होते. पण औशाची बाई ओरडली, “अगं बाई, देवी आली हिच्या अंगात!” आणि तिनं चिमूटभर हळदकुंकू माझ्या कपाळाला फासलं.

मला बोलता येत नव्हतं. बोलता आलं असतं तरी काय बोलणार होते? पित्ताच्या खड्यांनी अंग कापत नाही. तेवढ्यात दोन-तीन मुली धावत आल्या. एक माझ्यापुढं गुडघ्यावर बसली, हात जोडले. “मावशी, एवढंच सांगा, माझा सरकारी मेडिकलला नंबर लागंल का?” मला वाटलं ती उठली म्हणजे तरी मला वारा लागेल, म्हणून मी मान हलवली. ती नाचत गेली. आणि नेमका तिचा नंबर लागला.

मग काय विचारता. परीक्षा जवळ आली की रविवारी मुली ताटं घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी थांबायच्या. “मावशी, आज येनार का?” औशाची बाई मुद्दाम चमचा माझ्या हातात द्यायची. मी नाही म्हणायची, तर ती म्हणायची, “देवीला न्हाई म्हनू नये बाई, तुला कळत न्हाई.” एका मुलीचे आईवडील कंधारकडून नारळ आणि साडी घेऊन आले. साडी हिरवी होती, चांगली होती. मी ती अजून नेसले नाही. दोन वर्षं मी गोडाच्या चमच्यानं मुलींची भविष्यं सांगितली, आणि दर वेळी मला वाटायचं, जीव आता चालला.

पुढे बोटांना मुंग्या यायला लागल्या. पायांच्या तळव्यांनाही. गर्दीच्या दिवशी मालकीणबाई मला भाकरीला बसवायच्या, तर थापताना पीठ हाताला लागतच नाही असं वाटायचं. कडा फाटायच्या. तव्यावर बोट टेकलेलं कळायचं नाही, कातडी जळल्याचा वास यायचा तेव्हा कळायचं. ज्वारीची भाकरी डोळे मिटून करणारी बाई मी. मला शेवटी मालकीणबाई म्हणाल्या, “तुझ्यात आता काही राहिलं न्हाई गं.”

हे सगळं मी घरी सांगितलं नाही असं नाही. रात्री जेवताना नवऱ्याला सांगायची. तो म्हणायचा, “गोळ्या घे मेडिकलमधून.” मी माझ्या पगारातून लोहाच्या गोळ्या आणायची. आणि मनात म्हणायची, नांदेडचे लोक विचारतील तेव्हा सगळं सांगू, ते लिहून घेतील. पण त्यांचा फोन काही येईना. पहिल्या वर्षी तीनदा तपासणीला गेले होते, त्यानंतर पाच वर्षं काहीच नाही. मला वाटलं, अभ्यास बंद पडला. किंवा आपण त्यांच्या काही कामाच्या नाही.

गेल्या वर्षी मोंढ्यात सोयाबीनची आवक जोरात होती. त्या आठवड्यात नवरा एका मयतीला गेला आणि फोन घरीच चार्जिंगला राहिला. फोन वाजला. मी सहसा उचलत नाही, त्या दिवशी उचलला.

“हॅलो, पेशंटचे मिस्टर बोलतात का?” एका तरुण मुलीचा आवाज होता.

“न्हाई. ते भायेर गेलेत.”

“बरं बरं. मी नांदेडहून बोलते, ऑपरेशनच्या अभ्यासातून. तुम्ही घरातल्या का? मग तुम्हीच सांगा, पेशंट कशा आहेत?”

“पेशंट मीच हाय.”

मग ती हसत म्हणाली, “अय्या मावशी, तुम्ही? तीन वर्षं मी फोन करते, आज पहिल्यांदा तुमचा आवाज ऐकला! तुमचं तर सगळं मस्त चाललंय ना. यंदाही ‘त्रास नाही’ लिहू ना?”

मी विचारलं, “यंदाही म्हंजी?”

तिनं वाचून दाखवलं. उलट्या, नाही. केस गळणे, नाही. चक्कर किंवा घाम, नाही. हातापायाला मुंग्या, नाही. पाच वर्षं, दर वर्षी, एकेक ओळ. उत्तर देणारी व्यक्ती, पती. शेवटी ती म्हणाली, “आणि मावशी, रक्ततपासणीचे आणि प्रवासाचे पैसे दर वर्षी जमा होतात तुमच्याकडे, पण तुम्ही काही येत नाही. तुमचे मिस्टर म्हणतात, बरी आहे, तिला वेळ नाही.”

मी फोन ठेवला. माझ्या हातात तेव्हा लसूण होता. तो मी सबंध सोलला, मग दुसरा गड्डा घेतला, तोही सोलला.

नवरा आला. पाय धुऊन बसला. मी पाणीही दिलं नाही.

“अवो, नांदेडच्या फोनवर तुमी काय सांगता?”

त्याला लगेच कळलं. “काय सांगायचं? अडतीवर काटा चालू असतो, शेठ हुबा, हमाल हुबे. आन् ती पोरगी इचारती, जुलाब होतात का, केस गळतात का. मी तितं बायकोच्या जुलाबाची पोथी लावू का? म्हनलं, सगळं येवस्थित हाय.”

“पाच वर्षं?”

“त्यांचा फोनच दरसाल सोयाबीनच्या टायमाला येतो, मी काय करू?”

“घरी येऊन मला इचारायचं होतं.”

“तू बोलतीस का कवा?” तो म्हणाला. “बोलती आसतीस तर फोन तुज्याच हातात दिला आसता.”

हे मला तव्यापेक्षा जास्त भाजलं. कारण मी खरंच बोलत नाही. पण न बोलणाऱ्या माणसाचं आपण बोलून टाकायचं, तेही उलटं, हा कुठला न्याय? मी विचारलं, “आन् पैसे?” तो म्हणाला, “भिशीत टाकले. भिशी लागली तवा गाडीचे टायर घेतले, तुज्या दळनालाच तर जाती गाडी.” एक जमाना ह्या माणसाबरोबर काढला. त्या दिवशी मी त्याच्या ताटात वाढलं नाही. त्यानं स्वतः घेतलं, आणि मीठ कुठं आहे ते विचारलं. मी सांगितलं नाही.

दोन दिवसांनी मी एकटी एसटीनं नांदेडला गेले. एकटी मी कधीच गेले नव्हते. दवाखान्यात ती फोनवरची मुलगी भेटली, कंधारकडची होती, बारकीशी, चष्मा लावलेली. मी म्हणाले, मला माझी फाईल वाचायची आहे. ती जरा घुटमळली, मग दिली. छापील मराठी मला वाचता येतं. मी बोट ठेवून ठेवून वाचलं. प्रत्येक ‘नाही’वर बोट ठेवलं.

तिच्या टेबलावर दुसरा कागद उघडा होता, बाकीच्या बायकांचा. नावं झाकलेली होती, पण ‘उत्तर देणारी व्यक्ती’चा रकाना दिसत होता. पती. मुलगा. पती. दीर. पती. पती. त्या सगळ्या बायकांना काहीच त्रास नव्हता.

“हे असं चालतं का, ताई?” मी विचारलं.

“नियमच तसा आहे, मावशी. पेशंट किंवा जवळचे नातेवाईक. बायकांच्या हातात फोनच नसतो ना.” तिचा चेहरा उतरला होता. “आणि दिवसाला एवढे फोन संपवायचे असतात.”

तेवढ्यात डॉक्टर आले. मला ओळखलं. “अरे वा, किती छान दिसताय! मावशी, तुमच्यासारख्या केसेसमुळेच आपल्या अभ्यासाचा निकाल चांगला येतोय.” ते पुढे चालले होते. मी खुर्ची धरली आणि म्हणाले, “मी चांगली केस न्हाई.”

ते थांबले. मी पदर खाली घेतला आणि डोकं दाखवलं. मग हात पुढे करून भाजलेली बोटं दाखवली. त्यांनी त्या मुलीकडे बघितलं, तिनं खाली बघितलं. मग डॉक्टर म्हणाले, “यांचं सगळं पुन्हा लिहून घ्या. पहिल्यापासून.”

दोन तास लागले. तारखा मला आठवत नव्हत्या. मी सांगितलं, वरणात केस सापडला ते वर्ष, बासुंदीचं वर्ष, हिरव्या साडीचं वर्ष. ती लिहीत गेली. देवीचं सांगितलं तेव्हा ती आधी हसली, मग पेन खाली ठेवून चष्मा पुसला. शेवटी सगळं मला वाचून दाखवलं आणि मी सही केली. त्या दिवशी रक्तही काढलं. तपासणीत अंगात रक्त फार कमी निघालं, बी-बारा नावाचं जीवनसत्त्व तर जवळजवळ नाहीच. डॉक्टर म्हणाले, हे दरसाल तपासलं असतं तर बोटं इथवर आली नसती. हे त्यांनी मला सांगितलं, जणू मीच मुद्दाम आले नव्हते! इंजेक्शनं सुरू झाली. मुंग्या आता कमी आहेत, पण दोन बोटं अजून बधिरच आहेत, आणि ती तशीच राहतील असं म्हणतात.

मला वाटलं, झालं. तसं नव्हतं. आठवड्यानं दवाखान्यातून फोन आला. फोन माझ्या हातात होता, नवऱ्यानं दुसरा, बटणाचा, आणून दिला होता, आणि तो नंबर मी नांदेडला कळवला होता. कार्यालयातला एक कारकून बोलत होता. म्हणाला, पाच वर्षं तपासणीचे पैसे घेतले आणि तपासणी केली नाही, हे आता कागदावर आलंय. एकूण साडेबारा हजार. ते भरल्याशिवाय तुमची फाईल चालू धरता येणार नाही. नवीन लिहिलेलं अभ्यासात घेता येणार नाही.

मी त्याला विचारलं, “आन् जुनं?”

“जुनं तर आधीच गेलंय पुढे.”

म्हणजे खोटं चाललं, कुणी काही विचारलं नाही. खरं आलं तर आधी पैसे भरा! मी आयुष्यात कुणाशी भांडले नाही, त्या माणसाशी भांडले. काय बोलले ते नीट आठवत नाही. शेजारीण दारात येऊन उभी राहिली एवढं आठवतं. तो म्हणाला, “मावशी, माझ्यावर का चिडता, नियम आहे.” प्रत्येकाकडे एक नियम आहे. माझ्याकडेच नाही.

नवरा म्हणाला, “सोड ना. नाव काढलं तर काढलं. तुला इंजेक्शन तर चालू हाय.”

“न्हाई सोडनार,” मी म्हणाले. “तुमचं ‘न्हाई’ तितं ऱ्हाईल आन् माजं जाईल. पैसे तुमी भरायचे.”

मग त्यानं भिशी पुन्हा धरली आणि शेठला सांगून पहिला नंबर घेतला. पाच हजार आले. बाकीचे दर महिन्याला थोडे. मी एक रुपया घातला नाही, आणि हे मी लिहून ठेवते, कारण पुढे कुणी म्हणेल, दोघांनी मिळून भरले. त्यानं गुटखा बंद केला, दर महिन्याला मला ऐकवायचा, “तुज्या केसापायी माजं तोंड सुनं झालं.” मी एकदाही हसले नाही. मेसमध्ये मी औशाच्या बाईला सांगितलं की देवी वगैरे काही नाही, माझ्या पोटाचं ऑपरेशन झालंय, गोड सोसत नाही. ती दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, “मंग त्या पोरींचे नंबर कसे लागले?” मी म्हणाले, “अभ्यास केला म्हनून.” तिला ते पटलं नाही.

शेवटचा हप्ता दीड हजारांचा होता. त्या दिवशी नवरा माझ्याबरोबर नांदेडला आला. खिडकीशी मी उभी होते, तो मागे. कारकुनानं नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, पावती फाडली आणि म्हणाला, आता तुमचं नवीन लिहिलेलं पुढे जाईल. मी ती तिथंच उभी राहून वाचली. रकमेच्या पुढे लिहिलं होतं, संपूर्ण रक्कम जमा, बाकी निरंक. पावती मी नवऱ्याकडे दिली नाही, माझ्या पर्समध्ये ठेवली.